दोरीमागचा मुत्सद्दी

वाघेरी संस्थानच्या दिवाणसाहेबांनी पंखा ओढणारं यंत्र तयार केलं आणि वीस वर्षं तेच काम करणाऱ्या सटवाची चाकरी धोक्यात आली.

दिवाण विसाजीपंत म्हणजे बडं प्रस्थ होतं. ते कारभार बघायचे, गोऱ्या एजंटसाहेबांशी वाटाघाटी करायचे आणि उरलेल्या वेळात शोध लावायचे. हा उरलेला वेळ बराच असायचा, हे संस्थानचं दुर्दैव. त्यांनी बिनधुराची शेगडी काढली. पहिल्याच दिवशी आचारी डोळे चोळत अंगणात धावले, तेव्हा आचाऱ्यांचेच डोळे नाजूक आहेत असा निर्वाळा पंतांनी दिला. मग आपोआप उघडणारी छत्री झाली. ती भर दरबारात उघडली आणि महाराजांची पगडी घेऊन गेली. पण वाटाघाटीत पंतांचा हात धरणारा कोणी नव्हता. तीन एजंट वाघेरीचं सागाचं रान मागायला आले आणि तिघेही हात हलवत परत गेले. पंत तासन्‌तास बोलत, साहेब घामाघूम होऊन उठे, आणि पंत आपल्या वक्तृत्वावर खूश होत.

आता हे यंत्र. बैठकीमागच्या आडात एक अगडबंब धोंडा टांगलेला. सकाळी आठ गडी तो वर ओढून ठेवायचे. मग तो सहा तास हळूहळू खाली उतरायचा, त्यावर चाकं फिरायची आणि बैठकीच्या छताला टांगलेला कापडी पंखा हलायचा. सटवा ओढायचा ती दोरी झिजते म्हणून पंतांनी तिच्या जागी लोखंडी गज बसवला. यंत्र मध्येच थांबवायची सोय मात्र ठेवली नाही. थांबणं हा माणसाचा दोष आहे, असं त्यांचं मत होतं.

सटवाला चाकरीचं घर रिकामं करायला सांगितलं, तेव्हा तो हात जोडून एवढंच म्हणाला, की यंत्राला माझं काम जमायचं नाही. पंतांच्या नाकाला मिरची झोंबली.

"असं? मग तुझ्या दोरीला जमतं आणि माझ्या यंत्राला जमत नाही, असं एक काम दाखव. यंत्राला बोटसुद्धा लावायचं नाही. नवे साहेब सोमवारी येताहेत, ते जाईपर्यंत मुदत. नाही दाखवलंस तर त्याच संध्याकाळी बिऱ्हाड उचलायचं."

सटवाची बायको रडकुंडीला आली. वारा तो वारा, त्यात दाखवणार काय? सटवा म्हणाला, "सोमवार तर येऊ दे."

सोमवारी वैशाखाचं ऊन नुसतं भाजत होतं. नवे साहेब बैठकीत आले, वाळ्याच्या ओल्या पडद्यातून येणारा गार वारा अंगावर घेत खुर्चीत ऐसपैस बसले. सटवा नेहमीप्रमाणे भिंतीमागच्या पडवीत बसला होता. दोरी जायची त्या भोकातून पंख्याची थोडी झुळूक त्यालाही लागे, आणि साहेबाचे फक्त बूट दिसत. वीस वर्षं त्याने साहेबांचे बूटच पाहिले होते. बूट लांब पसरले की मागण्या सुरू व्हायच्या आणि बूट खुर्चीखाली गेले की साहेब उठायच्या बेतात असायचा.

आज बूट पसरले ते पसरलेच. साहेबाने सागाचं रान मागितलं. पंत दोन तास बोलले. साहेबाने शांतपणे ऐकून घेतलं आणि रानाबरोबर तळ्याकाठी शिकारीचा बंगलाही मागितला. पंत आणखी तासभर बोलले. साहेब म्हणाला, असा वारा असेल तर मी संध्याकाळपर्यंत बसतो, आजच सह्या उरकून टाकू. आणि त्याने कागद पुढे सरकवला.

पान आणवतो असं सांगून पंत पडवीत आले. त्यांचा चेहरा उतरला होता.

"यंत्र थांबवा," ते गड्यांना कुजबुजले.

गड्यांनी आडात डोकावून पाहिलं. धोंडा अजून निम्म्यावर होता, म्हणजे आणखी तीन तास. पंत कपाळाला हात लावून सटवाजवळ आले आणि काहीतरी कर म्हणाले.

"यंत्राला बोट लावायचं न्हाई, असा हुकूम हाय सरकार," सटवा म्हणाला. "म्या हुकूम मोडनार न्हाई. तुम्ही आत जाऊन बोलत ऱ्हावा."

पंत आत गेले. सटवाने अडगळीतून बिनधुराची शेगडी ओढत आणली, वाळ्याच्या पडद्यामागे ठेवली आणि पेटवली. पुढचं सगळं शेगडीने केलं. पंखा इमानाने हलत राहिला आणि धूर इमानाने आत ओढत राहिला. पंतांचं एक वाक्य पुरं होईतो साहेबाचे बूट खुर्चीखाली गेले. साहेब खोकत, नाक पुसत दाराकडे धावला. कागद तसाच बिनसहीचा राहिला. घोडागाडी निघून गेली आणि रान वाचलं.

पंत डोळे पुसत पडवीत आले. अश्रू धुराचे होते, पण राग खरा होता. "रान वाचवलंस, कबूल. पण हे शेगडीचं काम झालं. दोरीचं काम कुठं दाखवलंस?"

"सरकार, आधीचे तीन सायेब रान न घेता का गेले?"

"माझ्या बोलण्यापुढं टिकले नाहीत म्हणून."

"तुमच्या बोलन्याला तर आजचा सायेबबी तीन तास टिकला," सटवा म्हणाला. "त्या तिघांनी रानाचं नाव काढून पाय पसरले, की म्या दोरी सोडून देत हुतो. तुमचं यंत्र वारा घालतंय झकास. पर कुनाला घालायचा न्हाई, ते त्याला कुठं कळतंय?"

तीन साहेब, तीन उन्हाळे, आपली ती लांबलचक भाषणं, सगळं पंतांना आठवलं असावं. आधी त्यांच्या मिशा थरथरल्या, मग पोट हललं, आणि ते असे खो खो हसले की गडी आडाजवळून धावत आले.

त्याच दिवशी गज निघाला आणि दोरी परत आली. सटवाला चाकरीचं घर कायमचं मिळालं, मागे परसबाग मिळाली, आणि ते यंत्र बागेला पाणी ओढायला लावून दिलं. शाल पांघरवताना पंतांनी विचारलं, आणखी काही हवंय का?

"येकच मागनं हाय," सटवा म्हणाला. "सायेब आला की बोलनं जरा आवरतं घ्या. दोरी सोडून बसलो, की मलाबी लई उकडतं."