अकरा ओळी आणि एक पत्रावळ

“मग त्या अकरा ओळी काढूनच टाकल्या तर काय बिघडतं, अप्पा?”

मन्मथ चिडून विचारत होता. सकाळपासून तो मठाच्या ओसरीत मांडीवर लॅपटॉप घेऊन बसला होता. याच ओसरीत वाढलेलं पोर ते. आता विद्यापीठात संख्याशास्त्र शिकत होतं. तसा मुलगा गुणी, पण गणित अडलं की भांडी आपटल्यासारखा बोलायचा.

मठात रोजची पंगत वाढणारे अप्पा पत्रावळी पुसत होते. डोळ्यांना आता अंधूकच दिसायचं.

“कसल्या ओळी, बाबा?”

“पाण्याच्या पाहणीच्या. पाच वस्त्या, तीनशे घरं. एका घराची एक ओळ, आणि दोन उत्तरांच्या मधे एक स्वल्पविराम. हे सॉफ्टवेअर स्वल्पविराम मोजतं आणि एकेक उत्तर आपापल्या रकान्यात टाकतं. पण या अकरा ओळींवर येऊन अडतं. आठ रकाने हवेत, सातच सापडले म्हणतं. जबरदस्तीनं फाईल आत घेतली तर काय दाखवतं? रोज बासष्ट घागरी पाणी लागणारं घर!”

“तहान लागली असंल.”

“अप्पा! ते म्हाताऱ्याचं वय आहे!”

“असं कशानं झालं म्हणतोस?”

“बोअरच्या फ्लोराईडवाल्या पाण्यानं घरात किती जणांचे पाय वाकलेत, हे विचारलं की हे लोक दाराकडं बघत बसायचे. मीही वैतागून पुढचं विचारलं. तिथं काहीच लिहिलं नाही, स्वल्पविरामसुद्धा नाही. मग पुढची सगळी उत्तरं एकेक जागा अलीकडं सरकली.”

“कुठली घरं ही?”

“सगळी खडकवस्तीची. तिथले लोकच तिरसट. बाकीच्या घरांनी सांगितलं ना, आमच्यात कुणाला काही नाही. म्हणजे वस्ती ठणठणीत! पाणी शुद्ध करायचं यंत्र जिथं जास्त त्रास त्या एकाच वस्तीला मिळणार आहे, उद्या सकाळी मला आकडे द्यायचेत. गप्प बसणाऱ्यांपायी मी किती डोकं फोडून घेऊ?”

अप्पांनी पुसलेल्या पत्रावळी त्याच्या हातात दिल्या.

“चल. पंगत बसलीय. पत्रावळी मांड.”

सात माणसं, रोजचीच. ज्याची त्याची जागा ठरलेली. तिसरी जागा काशीबाईची, आणि ती आज आली नव्हती.

“सरका हो जरा इकडं,” मन्मथ म्हणाला, आणि सहा पत्रावळी सलग मांडून मोकळा झाला.

अप्पा जागा मोजत वाढत निघाले. चौथ्या जागेवर दात पडलेले शेषेराव, म्हणून तिथं दुधात कुस्करलेली भाकरी. पाचवीवर गंगूबाई, तिला रक्तदाब, म्हणून तिथं अळणी वरण.

“अहो अप्पा, ही भाकरी मी हिरड्यांनी चावू का?” शेषेराव ओरडले.

“आणि मला हो हा लेकरांचा काला?” गंगूबाई म्हणाली.

“वरणात मीठ कुठाय?” तिच्या पलीकडून बंडाप्पानं आवाज चढवला.

मन्मथनं कपाळावर हात मारून घेतला. “अप्पा, जागा काय मोजताय! माणसं बघून वाढा की!”

“मला दिसत नाही रे. मी मोजतो...”

अप्पा थांबले.

“एक पत्रावळ कमी लागतीय.”

मन्मथ जागच्या जागी उभा राहिला.

मग त्यानं चुकीचं वाढलेलं उचलून घेतलं आणि सातवी पत्रावळ आणली. माणसं कुरकुरत पुन्हा आपापल्या जागी सरकली. “एकदा काय ते ठरव की रे बाबा!” बंडाप्पा पुटपुटला.

तिसऱ्या जागेवर रिकामी पत्रावळ आली. अप्पांनी ती हातानं चाचपली, तिच्या शेजारी पाण्याचा तांब्या ठेवला आणि पुढं वाढत गेले. या वेळी कुणी ओरडलं नाही.

मन्मथ उड्या मारतच ओसरीकडं निघाला.

“कळलं, अप्पा! उत्तर नसलं तरी स्वल्पविराम हवा. अकरा ठिकाणी टाकतो, पाच मिनिटांत फाईल आत! संपलं काम!”

अप्पा वाढून परत आले होते. त्यांचा हात त्या रिकाम्या पत्रावळीवर होता.

“टाक, बाबा...

आणि काशीबाई का आली नाही, ते आज कुणी विचारलं?”