भुरकीचा पूल

त्या मुलखात प्रत्येकाच्या बिळात एकेक जग होतं, आणि कुणाचंच पुरं नव्हतं. नदी म्हणजे निळी चिंधी, डोंगर म्हणजे उपसलेली माती. काही अडलं की मालक दारात येऊन ओरडे, "आमच्याकडे पूल अडलाय हो!" मग शेजारी काटक्या, दोरे घेऊन धावत. वेगळं बोलावणं करायची रीतच नव्हती. अडलं हेच बोलावणं. पूल होई तेव्हा होई, पण आलेला लगेच माघारी जात नसे. कुणी राजा होई, कुणी चोर, आणि चिंधी ओलांडताना सगळे शेपट्या वर धरत, भिजू नयेत म्हणून.

भुरकी उंदरीण बांधकामात अगदीच कच्ची. तिच्या जगात रोज काहीतरी कोसळे, म्हणून तिचं दार कधी ओस नसे.

मग बिळाबिळात जादूची कांडी आली. जमिनीला टेकवायची, मनात आणायचं, की झालं. नदीला पाणी आलं, डोंगरावर ढग उतरले. भुरकी हरखून गेली. हौसेला मोल नाही. तिने सात नगरं उठवली, वेशी बांधल्या आणि पाहुण्यांची वाट बघत बसली. कुणी आलं नाही. येणार कसं? घरोघरी मातीच्या चुली. जो तो आपापल्या वेशीत बसलेला. त्या सात नगरांत तिला फार एकटं वाटू लागलं.

शेवटी तिने आपल्या नदीवरच्या मोठ्या पुलाची मधली फळी कुरतडून पाडली आणि शेजारच्या टोकेनाना साळिंदराचं दार गाठलं.

"नाना, आमच्याकडे पूल अडलाय हो!"

नाना काटे झाडत उठले. किती दिवसांनी कुणी हाक मारली होती! दोरा तोंडात धरून लगबगीने आले. पण कांडीचा गुण असा, की मोडलेलं ती आपण होऊन सांधत असे. पूल धडधाकट उभा होता.

"अगं, सगळं झालंय की," नाना म्हणाले. "छान आहे हो पूल."

नुसतंच 'बसा ना' कसं म्हणायचं, ते भुरकीला ठाऊक नव्हतं. नानांनाही 'बसू का' म्हणता येईना. दोरा गुंडाळून ते निघून गेले.

भुरकीने फळी पुन्हा पाडली. ती पुन्हा उगवली. तिसऱ्यांदा पाडली तेव्हा मात्र भुरकी स्वतःच त्या भगदाडात शिरली आणि कडेला घट्ट धरून लोंबकळत राहिली.

"आमच्याकडे पूल अडलाय हो!"

नवी फळी आली, तिच्या पाठीला टेकली आणि हळूहळू दाबू लागली. भुरकीने पाठ ताठ केली आणि पुन्हा हाक मारली.