तांबीचा दुसरा घास

पूर्वी वेत्रवतीच्या काठच्या दंतिपूर नगरात भद्रसेन राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व राजवाड्यातल्या श्वानपालाच्या घरी जन्मला होता. वाडवडील राजाची कुत्री सांभाळीत, तेच काम पुढे त्याच्याकडे आले.

त्या राजवाड्यात एक जुनी चाल होती. राजासमोर ताट आले की त्यातला पहिला घास कुत्र्याला घालीत आणि शंभर श्वास मोजीत. कुत्रे उभे राहिले तर राजा जेवायला बसे, आडवे झाले तर ताट फेकून देत. बाहेर लोक म्हणत, काय नशीब काढलंय त्या कुत्र्याने, राजाच्या आधी जेवतं! म्हणायला लोकांचे काय जाते?

त्या वेळी हे काम तांबी नावाच्या कुत्रीकडे होते. तिची आई लवकर मेली, म्हणून बोधिसत्त्वाने तिला दुधात बोट बुडवून चाटवून वाढवले होते. घास तोच घाली. तांबी भाताकडे बघतसुद्धा नसे. त्याच्या तोंडाकडे बघत खाई. तो तिच्या पाठीवर हात ठेवून शंभर श्वास मोजी.

एके वर्षी राजा आजारी पडला. केस गळू लागले, हातपाय थरथरू लागले. वैद्यांनी काढे पाजले, लेप लावले, आणि शेवटी हात टेकले. इकडे तांबीचीही कातडी जागोजागी उघडी पडली, मागचे पाय लटपटू लागले. पण कुत्रीकडे कोण बघतो!

मुख्य आचारी गंडक बोधिसत्त्वाला म्हणाला, "अरे, हे थरथरणारं कुत्रं काय विष ओळखणार? नेऊन टाक कोल्ह्यांना. उद्यापासून दुसरं आण."

राजाने पडल्या पडल्या मान डोलावली. बोधिसत्त्वाने तांबीला रानात न नेता घरी नेले आणि आपल्या मडक्यातली पेज पाजली. सातव्या दिवशी ती उठून अंगणातल्या कावळ्यामागे धावली. त्याला हसू फुटले, पण ते फार टिकले नाही. तिच्या जागी नेलेला काळा कुत्रा त्याच दिवशी लटपटत परत आला होता.

म्हणजे आजार तांबीचा नव्हता, ताटातला होता.

त्याची बायको सुमना म्हणाली, "अहो, आपली तांबी वाचली ना? मग गप्प बसा. राजाला जाऊन सांगणार की तुझा आजार आणि कुत्रीचा आजार एकच? डोकं जागेवर राहायचं नाही."

तिचे काही चुकत नव्हते. भीती त्यालाही वाटत होती. बोधिसत्त्व झाला म्हणून मान काही लोखंडाची नव्हती. त्याने काळ्या कुत्र्याकडे पाहिले. त्याला उद्या पुन्हा घास घालायचा होता. मग त्याने तांबीला उचलले आणि थेट राजापुढे नेऊन उभे केले.

"महाराज, तुमच्या ताटातलं खाणारे जीव दोनच," तो म्हणाला. "तुम्ही आणि दारातलं कुत्रं. दोघांचे केस गळतात, दोघांचे पाय थरथरतात. ही सात दिवस माझ्या घरी जेवली आणि बरी झाली. वैद्यांनी तुमची नाडी पाहिली, हिची कोणी पाहिली नाही."

राजा संतापला. मग त्याची नजर तांबीच्या स्थिर पायांवर गेली, तिथून आपल्या थरथरत्या हातावर आली.

"गंडक," तो म्हणाला, "आजपासून सात दिवस माझं ताट तू संपवायचंस."

गंडकाने राजाचे पाय धरले आणि सगळे कबूल केले. शेजारच्या शत्रुराजाने त्याला फितवले होते. शंभर श्वासांत दिसू नये इतके थोडे विष तो रोज कालवीत असे. शंभर श्वासांनंतर कुत्र्याकडे कोणी ढुंकून पाहत नाही, हे त्याला पक्के ठाऊक होते.

राजाने तलवार मागवली. बोधिसत्त्व म्हणाला, "महाराज, तुमचा जीव वाचला, दोन मुक्या जिवांचा वाचला. आता चौथा कशाला घालवता?" राजाने गंडकाला हद्दपार केले.

"तुला काय देऊ?" राजाने विचारले.

"ही चाल बंद करा. ज्याने रांधलं, त्याने आधी खावं."

राजाने ते मान्य केले. बरा झाल्यावर त्याने एके दुपारी तांबीला बोलावले आणि आपले भरलेले ताट कौतुकाने तिच्यापुढे सरकवले. तिने एक घास खाल्ला. मग ती मागे सरली आणि सवयीप्रमाणे निमूट उभी राहिली.

"खा ग, खा. सगळं तुझंच आहे," राजा म्हणाला.

तांबी हलली नाही. त्या ताटातला दुसरा घास तिला जन्मात कधी मिळालाच नव्हता.

राजाचे डोळे भरून आले. तो खाली जमिनीवर बसला, ताटातला एक घास आधी त्याने स्वतः खाल्ला आणि दुसरा आपल्या हाताने तिला भरवला.

ही कथा सांगून भगवंतांनी एका भिक्षूकडे पाहिले. त्याच सकाळी त्याने विहाराच्या दारातल्या कुत्र्याला काठी मारून हाकलले होते.

"तो राजा तू होतास," भगवंत शांतपणे म्हणाले. "गंडक म्हणजे देवदत्त, सुमना म्हणजे यशोधरा. ती तांबी म्हणजे हा आपला आनंद, आणि श्वानपाल मीच होतो. आपल्या हातचे खाणाऱ्या जिवाकडे घास संपल्यावरही पाहत राहावे. भिक्षूंनो, ही करुणा."