खापरीवरच्या खुणा

हिंगणगडाला हगवण लागली. एकदोघांना नव्हे, अर्ध्या गावाला. माणसं रामराम घालायची सोडून तांब्या घेऊन पळत होती. वैद्यबुवांनी थंड खायला सांगितलं, तरी उतार पडेना.

राजा झुंजारराव मोठा हट्टी. त्याच्या डोक्यात एकदा काही शिरलं की ते बाहेर काढण्यापेक्षा नवा राजा आणणं सोपं. त्यानं ठरवून टाकलं की परीट नदी घाण करतात म्हणून गाव आजारी पडलंय. हुकूम सुटला, परटांना घाटावरून हाकला.

त्या घाटावर परटांच्या वीस घरांच्या चुली पेटत होत्या. ठकू परटीण ओल्या लुगड्यानिशीच दरबारात येऊन उभी राहिली.

"सरकार, आमची पोरं दिवसभर त्याच नदीत डुंबतात, त्यांना काही झालं नाही. दोष खाण्यात आहे. वैद्यबुवांना विचारा, आजारी कोण. तेली, गवळी आणि हलवायाला विचारा, त्यांचा माल कोण नेतं. ताडून बघितलं की लगेच कळेल."

वैद्यबुवा ताठ झाले. "रोग्याचं नाव बाहेर काढणार नाही अशी गुरूंपुढे शपथ घेतलीय मी. वाटल्यास मान कापा."

तेली म्हणाला, "माझी गिऱ्हाइकं कळली तर उद्या दुसरा तेली त्यांच्या दारात उभा राहील." गवळ्याचं तेच म्हणणं. भिकूशेट हलवायानं तर हातच जोडले. "आमच्याकडे मोठमोठी माणसं मागच्या दारानं येतात, सरकार. त्यांच्या अब्रूचा प्रश्न आहे."

राजानं मिशीवर हात फिरवला. "ठकू, तुला तीन दिवस दिले. आजार कुठून आला ते शोध. पण वैद्याकडचं नाव हलवायाला कळता कामा नये, हलवायाकडचं मला कळता कामा नये. एक जरी नाव फुटलं, तरी घाट गेला म्हणून समज."

दरबार खो खो हसला. दिवाणजी तर पागोटं पडेपर्यंत हसले.

"कबूल," ठकू म्हणाली. "मला चार मडकी द्या, आणि टोपलीभर फुटकी खापरं."

आता परटांची एक रीत आहे. घराघरांचे कपडे एकमेकांत मिसळू नयेत म्हणून ते प्रत्येक कपड्याच्या कोपऱ्यात बिब्ब्यानं खूण करतात. कुणाची तीन टिंबं, कुणाची फुली, कुणाच्या दोन काड्या. कितीही आपटा, जात नाही. सगळं गाव ती खूण अंगावर घेऊन हिंडतं आणि तिच्याकडे ढुंकूनही बघत नाही. कुठली खूण कुठल्या घराची, ते एका परटालाच ठाऊक.

ठकूनं चौघांना एकेक मडकं दिलं. "नाव विचारू नका, तोंडही बघू नका. येईल त्याच्या पदराचा नाहीतर उपरण्याचा कोपरा बघा, तिथली खूण कोळशानं खापरीवर काढा आणि मडक्यात टाका. वैद्यबुवा, तुम्ही फक्त पोट बिघडलेल्यांची टाका."

वैद्यबुवांनी बराच विचार केला. शपथ नावाची होती, कोपऱ्याची नव्हती. त्यांनी मडकं उचललं.

तिसऱ्या दिवशी चारही मडकी दरबारात आली. ठकू आली ती सरळ भिंतीकडे तोंड करून उभी राहिली.

"हा काय प्रकार?" राजा गरजला.

"सरकार, खुणा ज्याला वाचता येतात त्यानं खापऱ्या बघायच्या नाहीत. खापऱ्या ज्यानं बघायच्या त्याला खुणा वाचता येत नाहीत. दिवाणजींना बसवा मांडायला."

दिवाणजी कुरकुरत जमिनीवर बसले आणि खापऱ्या जुळवू लागले. तेल्याच्या मडक्यातल्या थोड्या वैद्यबुवांच्या खापऱ्यांशी जुळल्या, बऱ्याच जुळल्या नाहीत. गवळ्याचंही तसंच. हलवायाचं मडकं उपडं केलं आणि दिवाणजींचे डोळे विस्फारले. वैद्यबुवांकडची एकूण एक खूण तिथे हजर होती.

"भिकूशेट, लोक तुझ्याकडून नेतात काय?" राजानं विचारलं.

"श्रीखंड, सरकार. पाडव्यापासून खपतंयच, त्यात वैद्यबुवांनीही थंड खायला सांगितलंय ना."

"ते ठेवतोस कशात?" भिंतीकडूनच ठकूनं विचारलं.

"पितळेच्या पातेल्यात."

"आणि कल्हई?"

भिकूशेट अंगठ्यानं जमीन उकरू लागला. "कल्हईवाला पाडव्यापासून फिरकलाच नाही."

कल्हई गेलेल्या पितळेत आंबट कळकतं, हे परकरातल्या पोरीलाही कळतं. वैद्यबुवांनी कपाळावर हात मारला. पातेली जप्त झाली, श्रीखंड खड्ड्यात गेलं, आणि घाट वाचला म्हणून ठकूच्या डोळ्यांत पाणी आलं.

पण दिवाणजींचं समाधान होईना. "सरकार, ही खूण बघा. दोन टिंबं आणि मधे काडी. तीन दिवसांत पाच वेळा श्रीखंड आणि सहा वेळा वैद्य! असा खादाड आहे तरी कोण?"

भिंतीकडे तोंड करून उभ्या ठकूचे खांदे गदगदा हलू लागले.

"सांग, ठकू," राजालाही खाज सुटली. "माझी अट मीच मोडतो. कोण हा बकासुर?"

"ज्याची खूण त्यानं हो म्हटल्याशिवाय मी सांगायची नाही, सरकार."

"मग बोलाव त्याला."

"बोलवायला कशाला हवं? इथेच बसलाय. आणि इतका वेळ एका जागी बसलाय, म्हणजे आज बरं दिसतंय त्याला."

दरबारी एकमेकांकडे बघू लागले. वैद्यबुवा छताकडे बघू लागले. राजानं सहज आपल्या उपरण्याचा कोपरा चाचपला, उलटा केला आणि झटकन मुठीत लपवला.

"दिवाणजी," तो घसा साफ करून म्हणाला, "खापऱ्या फोडून टाका."

"पण सरकार, नाव..."

"फोडा म्हणतो ना!" मग तो ठकूकडे वळला. "काय गं, एवढं ठाऊक असून तू बोलली नाहीस?"

"सरकार, कुणाच्या घरी काय सांडलं, कुणाचं काय फाटलं, सगळं आम्हाला दिसतं. बोलत सुटलो असतो तर आज तुम्ही नदीवर बसून स्वतःचं धोतर आपटत असता."

मग राजा असा काही हसला की सिंहासन करकरलं. घाट परटांना कायमचा लिहून दिला, ठकूला सोन्याचं कडं दिलं, वर साडीचोळी देणार होता. पण एवढ्यात त्यानं पोट धरलं, आणि बाकीचं दिवाणजी सांगतील म्हणत आत धाव घेतली.