शेंडेनक्षत्राची मुदत

“...आणि ते मावळणार कधी, बुवा? या महिन्यात आकाशात अजून काय काय बघायचं?”

रंगनाथबुवा मठाच्या ओट्यावर बसले होते. पश्चिमेचा तांबूस उजेड अजून पुरता गेला नव्हता. त्यात लांब शेपटीचं शेंडेनक्षत्र लोंबत होतं, विझत्या पलित्यासारखं.

“तूच सांग, वामना. तुझे डोळे तरुण आहेत.”

वामन जोशी मनातून सुखावला. ज्योतिष तो बुवांच्या पायाशी शिकला होता, पण आता पंचक्रोशीत नाव त्याचं होतं. त्याने सांगितलेलं ग्रहण पळभरही इकडचं तिकडे होत नसे.

तो घडाघडा बोलू लागला. मार्गशीर्ष आहे, दिवेलागणीला पूर्वेला कृत्तिकांचा झुबका. त्यांच्या मागोमाग तांबडी रोहिणी. रात्र चढली की मृग, त्याच्या पोटात रुतलेला बाण, आणि पाठीवर व्याध.

“आणि हे शेंडेनक्षत्र?”

“ते अशुभ. दिसलं त्याच संध्याकाळी मी गावाला सांगून टाकलं, या वेळेला जन्मेल ते गावाच्या मुळावर येईल.”

“जन्मलं कुणी?”



“राणू लोहाराला मुलगी झाली.”

“मग?”

“मी उपाय सांगितला. नक्षत्र कायमचं मावळेपर्यंत बाळ-बाळंतिणीला वेशीबाहेर ठेवा. माळावर एक खोपटं आहे...”

“या थंडीत.”

“गाव वाचवायचं होतं, बुवा.”

खाली गावात कुणाचं तरी कुत्रं भुंकत होतं.

“मुलगी आज दुपारी गेली,” वामन म्हणाला. आवाज हवा तेवढा ठाम निघाला नाही. “राणू आला होता. बायकोला आता घरी आणू का, म्हणाला. ती मूल हातातलं सोडत नाही म्हणे. मी म्हटलं, बुवांना मुदत विचारतो, मग सांगतो.”

बुवा उठले. धुनीतले निखारे त्यांनी मडक्यात भरले, घोंगडी खांद्यावर टाकली आणि पायऱ्या उतरू लागले.

“बुवा, कुठं निघालात? नक्षत्र अजून वर आहे...”

म्हातारा वळला नाही. वामनला मागून जावंच लागलं.

खोपटाचं अर्धं छप्पर उडालेलं होतं. राणू बाहेर उकिडवा बसला होता. जोश्याला पाहताच तो धडपडत उठला आणि त्याने हात जोडले.

“सरली का हो मुदत, जोशीबुवा?”

वामन वाकून आत गेला.

राणूची बायको ठकी भिंतीला टेकून बसली होती. मांडीवर लुगड्याच्या फडक्यात गुंडाळलेलं बाळ. बुवांनी घोंगडी तिच्या अंगावर घातली, मडकं तिच्यापुढे ठेवलं. ऊब लागली तशी तिने आधी बाळाला मडक्याजवळ सरकवलं.

मग तिला वामन दिसला. तो शिव्याशापांची वाट बघत उभा राहिला. शिव्या बऱ्या वाटल्या असत्या.

“बरं झालं, तुम्हीच आलात,” ठकी म्हणाली. “हिचं बारसं राहिलं. कोणतं अक्षर आलं हिला?”

“आता... आता अक्षर कशाला, बाई?”

“मातीत ठेवायचं ना तिला? ठेवताना हाक मारायला नाव नको?”

गावातल्या प्रत्येक पोराचं अक्षर वामननेच काढून दिलं होतं. हिचंही त्याने काढलं होतं. जन्माची वेळ कळताच, त्याच संध्याकाळी, हिला बाहेर घालवायचं ठरवण्याआधी. ते त्याच्या जिभेवर होतं.

राणू दाराशी येऊन उभा होता. त्याचे हात अजून जोडलेलेच होते.

“सांगा ना,” ठकी म्हणाली.

वामनची नजर सवयीने वर गेली, छपराच्या भगदाडाकडे. तिथे तारे निघाले होते.

बुवांनी त्याची हनुवटी धरून मान खाली वळवली.

“तिकडे नको, वामना. हिच्याकडे बघून सांग.”