हीव

“...पण बाबा, हा शब्द इथं आला कुठून?”

वैजनाथशास्त्र्यांनी तिसऱ्यांदा विचारलं.

शब्द होता ‘हीव’. हाडं गोठवणारी थंडी. शहरात आता तो कुणाच्या तोंडी नाही, म्हणून शास्त्री सातपुड्यातल्या या मठीपर्यंत पायपीट करत आले होते. चौदा वर्षं खपून केलेला त्यांचा कोश एवढ्या एका शब्दापाशी अडला होता. त्याचं मूळ सापडल्याशिवाय कोश छापणार नाही, असा चारचौघांत त्यांनी पण केला होता. विद्वान माणसं असलं काहीतरी करून बसतात.

“हिमापासून म्हणावं, तर या रानात बर्फ कुणी पाहिलाय?”

उमेदगीरबाबा शेकोटीत काटक्या सरकवत राहिले...

पौषातली पहाट होती. दहिवरानं शास्त्र्यांची झोळी भिजली होती. शब्दांच्या चिठ्ठ्या त्यांनी पडवीतल्या शेकोटीभोवती अकारविल्हे वाळत मांडल्या होत्या.

एवढ्यात कौतिकाबाई आली. कांद्याला पाणी भरून, गुडघ्यापर्यंत भिजलेली म्हातारी. रोज ती इथंच शेकायला यायची. आज चिठ्ठ्या पाहून ती मागंच उभी राहिली.

शास्त्र्यांचा चेहरा उजळला. “आजीबाई, हीव म्हणजे काय हो?”

“ही... ही...”

तिचे दात दातांवर आपटत होते.

शास्त्र्यांनी टाक उचलला आणि टिपून घेतलं : उच्चार अस्पष्ट.

बाबा उठले. म्हातारीला आपल्या जागी बसवलं आणि स्वतः अंगणात, उघड्यावर जाऊन बसले.

“बाबा, तुम्ही बाहेर का?”

“आत जागा नाही.”

शास्त्र्यांनी शेकोटीकडे पाहिलं. चहूबाजूंनी चिठ्ठ्याच चिठ्ठ्या. छान उबदार, कोरड्या...

त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. दोन्ही हातांनी चिठ्ठ्या ओढून त्यांनी झोळीत कोंबल्या. सगळा अनुक्रम विस्कटला. तो पुन्हा लावायला वर्ष जाणार, हे कळत असूनही हात थांबले नाहीत. मग अंगणात जाऊन त्यांनी बाबांना हाताला धरून आत आणलं.

तिघं शेकत बसले. बऱ्याच वेळानं म्हातारीची थरथर थांबली.

तरी शास्त्र्यांना राहवेना. खालमानेनं म्हणाले, “आता तरी सांगा, बाबा. हीव येतं कुठून?”

बाबांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

“मघाशी इथूनच येत होतं.”