काजळीचे गोणपाट

पूर्वी तगर नगरात विजयबाहू राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व एका धान्यव्यापाऱ्याच्या घरी जन्मला. नाव नंदिसेन. त्याच्या कोठारात काजळी नावाची मांजरी होती. मांजरी जिथे व्याली ते गोणपाट हलवायचे नाही, झटकायचेही नाही. हलवले की कोठाराची लक्ष्मी जाते, असा त्या घरचा रिवाज. काजळी व्याली त्या गोणपाटालाही सगळे वळसा घालून जात.

पुढे काजळीला खाज सुटली. शेपटीच्या बुडाशी चावून चावून तिने केस घालवले, कातडे लाल केले. नंदिसेनच्या आईने, वसुमतीने, तिला करंजेल चोपडले. मांजर ती, चाटणारच! चाटले नि फेस गाळीत पडली.

"लूत आहे ही," वसुमती नंदिसेनला म्हणाली. "उद्या नदीपार सोडून ये."

"नि दूध पिती पिलं?"

"तू पाज!"

नंदिसेनने ओल्या फडक्याने तेल पुसून काढले. फडक्याला काळी कणी लागली, आणि ओलीत ती लालसर पसरली. हे रक्त कुठले? शिवाय अंगणात ही बरी असते, पिलांपाशी बसली की ओरबाडते. असे का? त्याला राहवेना. तो जाऊन तिच्याशेजारी गोणपाटावर बसला. थोड्याच वेळात त्याचेच घोटे खाजू लागले. त्याने गोणपाटाचा कोपरा उचलला. टणाटण पिसवा उडाल्या.

"आई, लूत नाही. तुझ्या लक्ष्मीत पिसवा झाल्यात."

"हात लावू नकोस! कोठार बसेल."

"बसू दे. उंदरांपासून कोठार कोणी राखलं? गोणपाटानं की हिनं?"

वसुमती उभ्या उभ्या घोटा खाजवू लागली.

नंदिसेनने गोणपाट उकळत्या पाण्यात बुडवले, जमीन कोपऱ्यांसकट झाडली. मांजरी आणि पिले तो रोज बारीक फणीने विंचरी. हळूहळू काजळीला केस आले. नदीपारची गोष्ट पुन्हा कोणी काढली नाही.

पूर्वजन्मीची ही कथा सांगून शास्ता, भगवान बुद्ध, म्हणाला, "भिक्खूंनो, तेव्हाची वसुमती म्हणजे आज सकाळी खाजऱ्या मांजरीवर काठी उगारणारा हा तिस्स. काजळी ती हीच, दाराशी बसलेली. नंदिसेन मी होतो."

तिस्साने काठी ठेवली. मांजरी ज्यावर झोपत असे ते स्वतःचे आसन उचलून त्याने उन्हात नेले.

"दुसऱ्याच्या दुःखाशेजारी बसून त्याचे मूळ शोधणे," शास्ता म्हणाला, "ही प्रज्ञा."